जमनाबाईची गाळणी

गोपीकिशन शेठच्या घरात सून सासऱ्याशी बोलत नसे. आता तुम्ही म्हणाल, कोणत्या जमान्यातलं सांगून राह्यले! अहो, ह्याच जमान्यातलं. कुंभार पिंपळगावात घरोघरी वायफाय आलं, शेठच्या बियाण्याच्या दुकानात पैसे मोबाईलवर जमा व्हायला लागले, पण घरातली रीत काही हलली न्हाई. सासरा आला की सून आत जायची. काही सांगायचं असलं तर सासूला, म्हणजे जमनाबाईला सांगायची, आणि जमनाबाई शेठना.

एरवी यात काही जड नव्हतं. चहात साखर कमी टाका, भाजीत मीठ जास्त झालं, एवढाच काय तो निरोप. पण यंदा आखाडात सासऱ्यानं आणि सुनेनं गोदामातली जुनी फियाट दुरुस्त करायला घेतली, आणि जमनाबाईचा पार चेंडू झाला.

फियाट शेठच्या वडिलांची. तिच्यातच बसून जमनाबाई नवरी होऊन माहेराहून, भोकरदनकडच्या पिंपळगाव रेणुकाईहून, या पिंपळगावात आल्ती. मागच्या सीटवर, हनुवटीपर्यंत घुंघट ओढून. एवढा लांब रस्ता, पण तिला दिसले ते फक्त स्वतःचे मेंदीचे हात. तेव्हापासून तिच्या मनात एकच होतं. ह्याच गाडीत पुढं बसायचं, तोंड उघडं ठेवायचं, आणि तो रस्ता बघत बघत रेणुकामातेला जायचं. पुढं गाडी बंद पडली, गोदामात गेली, वर सरकीची पोती पडली, आणि मनातलं मनातच राह्यलं.

मुलगा अर्पित जालन्याच्या एमआयडीसीतल्या सळईच्या मिलना भंगार पुरवायचा. त्याला जगात दोनच वस्तू दिसायच्या, भंगार झालेली आणि भंगार होणारी. "दसऱ्यापर्यंत चालू झाली तर ठेवा, न्हाई तर मी उचलतो. गोदामात जागा लागती," तो म्हणाला. शेठनी तावातावानं "बिलकुल!" म्हणून टाकलं. आणि शेठचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. म्हणजे जमनाबाईची गाडी भट्टीत जाणार आणि तिची सळई होणार!

सून रुची जालन्याची. तिच्या वडिलांचं मोटारीच्या पार्टचं दुकान, त्यामुळं लहानपण सगळं काउंटरवर गेलेलं. गाडी गोदामात शेठकडे, सुटे भाग मागच्या पडवीत रुचीकडे, आणि मधल्या अंगणात जमनाबाई, हातात तेलकट पार्ट आणि तोंडात निरोप.

पहिल्याच दिवशी शेठ म्हणाले, "तिला सांग, पोरीच्या जातीला मशीनीतलं काय कळतंय! नुसतं पुसून दे म्हणावं."

जमनाबाईनं अंगण ओलांडलं. हे असंच सांगितलं तर पोरगी पाना ठेवून देईल, आणि मंग संपलंच. ती पडवीत पोचली आणि म्हणाली, "बाबूजी म्हणतात, पोरीला समज हाय. सावकाश होऊ दे."

रुचीचे कान खुशीनं लाल झाले, तेवढ्यात गोदामातून ठोकाठोक ऐकू आली. "त्यांना सांगा मम्मीजी, कार्बोरेटर काय हातोड्यानं ठोकायची वस्तू हाय? कुणी सांगितलं ठोकायला?"

"सूनबाई म्हणती," जमनाबाईनं गोदामात येऊन सांगितलं, "बाकी तुम्ही बराबर केलंय. तेवढं कार्बोरेटर तिच्याकडं द्या."

शेठनी खुशीत मिशीवरून हात फिरवला.

झालं! चहा गाळावा तसं जमनाबाई दोघांचं बोलणं गाळायला लागली. चोथा अंगणातच राह्यचा, वर चमचाभर साखर पडायची. शेठ बाजारातून आठवणीनं सुनेच्या आवडीची कचोरी आणू लागले. रुची रोज सकाळी शेठ यायच्या आधी त्यांचे पाने पुसून ठेवू लागली. क्लच बसला, वायरिंग झालं, बॉडीला सायीचा रंग चढला. जमनाबाई कुरकुर करायची, "पाय मोडले माझे ये-जा करून!" पण आतून तिच्या जिवाला लई बरं वाटायचं.

दसरा तोंडावर आला. आता फक्त प्लग बसवायचे राह्यले होते.

"मम्मीजी," रुची म्हणाली, "बाबूजींना सांगा, प्लग बोटांनी बसवा, पाना शेवटी जरासाच. दर वेळी कशाला ताकद दाखवायची असती त्यांना! इंजिनाचे आटे जातील."

जमनाबाईचं दूध चुलीवर होतं. घाईघाईत, सवयीनं तिनं चोथा टाकला, आणि त्याच्यासोबत कामाचंही गेलं. "सूनबाई म्हणती, प्लग बसवा. तुमच्या हातात लई ताकद हाय."

शेठ असे फुगले म्हणता! सगळा जोर पान्यावर टाकला. कर्र करून आवाज आला आणि पाना नुसताच फिरायला लागला.

"अरे देवा!"

ती हाक ऐकून रुची अंगण ओलांडून थेट गोदामात आली, डोक्यावरची ओढणी खांद्यावर. "बाबूजी! बोटांनी बसवा म्हटलं होतं ना मी!"

त्या घरात सुनेचा आवाज पहिल्यांदाच सासऱ्याच्या कानावर पडला. पण शेठना रागात रीत कुठली सुचते! "अगं, तूच म्हणलीस ना, हातात ताकद हाय म्हणून!"

"मी? मी म्हटलं, ताकद दाखवू नका! आणि तुम्ही म्हणाला होता ना, पोरीला समज हाय?"

"मी?" शेठ म्हणाले, आणि त्यांनी जीभ चावली.

दोघांनी दाराकडं बघितलं. दारात जमनाबाई, हातात सांडशी.

"हो, मीच केलं!" तिचा बांध फुटला. "तुमचं बोलणं जसंच्या तसं पोचवलं असतं तर पहिल्याच दिवशी पाने फेकले असते दोघांनी! मला त्या गाडीत पुढं बसून माहेरला जायचंय. कधीपासून मनात धरून राह्यले, कुणी विचारलं का कधी?" आणि तेलाचे डाग पडलेला पदर डोळ्याला लावून ती रडली.

शेठ पाना तिथंच टाकून घरात गेले. बायकोशी त्यांनी अबोलाच धरला.

पण दुसऱ्या दिवशी रुची इंजिनाचं हेड काढून जालन्याच्या लेथवाल्याकडं निघाली, तर शेठ आधीच टेम्पोत बसलेले. "चल सूनबाई, जल्दी." नवे आटे पाडून दोघं परत आले, आणि मंग गोदामात जो कल्ला सुरू झाला! "बाबूजी, उलटं धरलंत!" "तू शिकव आता मला!" आणि मधूनच दोघांचं हसणं. जमनाबाई अंगणात रिकामी बसून ऐकायची. आनंद होताच, पण कामावरून काढल्यासारखंही वाटायचं. रुसलेल्या नवऱ्याला आता निरोपसुद्धा द्यायचा राह्यला नव्हता.

दसऱ्याला गाडीवर झेंडूच्या माळा चढल्या, चाकांखाली लिंबं ठेवली. शेठनी किल्ली फिरवली. गाडी खोकली, थांबली, परत खोकली, आणि धडधडत चालू झाली. जराशी पुढं सरकली तशी चारी लिंबं फुटली. अर्पितनंसुद्धा टाळ्या वाजवल्या.

जमनाबाईनं मागचं दार उघडलं, मागं बसली आणि पदर पुढं ओढला.

शेठ समोरच बघत होते. "सूनबाई," ते बाहेर उभ्या रुचीला म्हणाले, "तुझ्या सासूला सांग, पुढं येऊन बस म्हणावं. मागं वजन पडलं की स्प्रिंगा वाजतात."

रुची मागच्या खिडकीशी वाकली. "मम्मीजी, बाबूजी म्हणतात, एवढी खटपट तुमच्यासाठीच केली. तुमच्याशिवाय तो रस्ता बघण्यात काय मजा?"

जमनाबाई शेठच्या पाठीमागंच बसलेली. मूळ निरोप तिनं शब्दन् शब्द ऐकला होता. गाळणी कुणाकडून शिकली पोरगी, हे काय तिला सांगायला पाहिजे! ती आरशात शेठकडं बघत राह्यली. आता हे म्हणणार, मी असं कधी म्हणलो?

शेठनी खांद्यावरचं उपरणं काढलं, शेजारची सीट पुसली आणि खोकल्यासारखं केलं.

"बराबर सांगितलं तिनं," ते म्हणाले.

जमनाबाई उतरून पुढं आली, आणि बसताना तिनं पदर मागं सारला.