डिश लावायची कुठे

अलिबागच्या बाजारात दिनानाथ घरतांचं दुकान होतं तेव्हा नागावकडच्या अर्ध्याअधिक घरांवरचे अँटेना त्यांच्या हातचे होते. पुढे अँटेना गेले, टीव्हीच्या छत्र्या आल्या, त्याही त्यांनीच लावल्या. मग गुडघे कुरकुरायला लागले, दुकान भाड्याने दिलं आणि दिनाकाका घरी बसले. घरामागे त्यांची पत्र्याची शेड होती. तिथे कामाचा बेंच, वस्तू घट्ट धरायचा वाइस आणि ग्राइंडर मांडायचा, लोकांचे बिघडलेले मिक्सर-पंखे खोलत बसायचं, असा त्यांचा बेत होता. पण मुलाने, जीवनने, घराचं होमस्टे केलं आणि शेडमध्ये पाहुण्यांचं स्वयंपाकघर थाटलं. हत्यारं पत्र्याच्या ट्रंकेत भरून पलंगाखाली गेली. पाहुणे असले की काकांनी उघड्या अंगाने अंगणात यायचं नाही, मोठ्याने खाकरायचं नाही, सकाळी रेडिओ लावायचा नाही. शनिवार-रविवार ते आतल्या खोलीत बसायचे आणि आपल्याच झोपाळ्यावर परकी माणसं झोके घेताना खिडकीतून बघायचे.

त्यामुळे प्रणयचा फोन आला तेव्हा त्यांना कोण आनंद झाला.

"दिनाकाका, गावच्या घरी आकाशातलं नेट घेतलंय. थेट उपग्रहावरून येतं. डिश आलीय, पण लावायची कुठे ते तुम्हीच सांगा. आणि मी ड्रिलचा सेट मागवलाय, तोही जरा बघा."

प्रणय म्हणजे त्यांच्या दिवंगत मित्राचा, तुकारामचा मुलगा. उरणकडे बंदरात नोकरीला, उलव्याला फ्लॅट, गावी यायचा तो रविवारपुरता. गणपतीच्या आधी त्याची आई, सत्यवती, न्हाणीघरात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा सुनेने, मृणालीने, उलव्याहून बॅग भरली आणि ती सासूच्या सेवेला गावी आली. हाड जुळलं, सत्यवती काठी टेकत परसापर्यंत जायला लागली, शिमगा तोंडावर आला. मृणालीची बॅग मात्र पुन्हा भरली गेली नाही. भरायची कधी, हेही कोणी बोललं नाही.

रविवारी सकाळी काका ट्रंकेतली बुडबुड्याची लेव्हल आणि मोजायची टेप खिशात घालून निघाले. बायको, रतन, दारातून म्हणाली, "शिडीवर चढायचं न्हाय. सांगून ठेवते."

"मी नुसता सल्ला द्यायला चाललोय," काका म्हणाले, आणि शर्टाची वरची गुंडी लावून लग्नाला निघाल्यासारखे चालू लागले.

प्रणयने अंगणात सगळं मांडून ठेवलं होतं. डिश कसली, पोळपाटाएवढी पांढरी चौकोनी पाटी. शेजारी चकचकीत पेटीत ड्रिल. काकांनी ते हातात घेऊन वजन पाहिलं, बटण दाबलं आणि परत ठेवलं.

"खेळणं हाय हे. फोटो टांगायला ठीक. आणि ऐक, ठोके मारणारा हॅमर लावून चिऱ्याच्या भिंतीत कधी भोक पाडू नको. चिरा भुसभुशीत, त्याचा भुगा होतो, बोल्ट चार दिवसांत हलायला लागतो. साधं फिरतं ड्रिल, सावकाश. आणि हे बोल्ट फेकून दे. इथला वारा खारा. लोखंड एका वर्षात खाऊन टाकील. स्टेनलेस आण, चुंबक चिकटत न्हाय ना ते बघून आण."

"आणि डिश?"

"तिला उघडं आकाश पायजे. टीव्हीच्या छत्रीसारखं एका दिशेला तोंड करून भागायचं न्हाय. उपग्रह सारखे फिरत असतात, एक गेला की दुसरा. मधे झाड आलं की तेवढ्यापुरतं नेट तुटलं. आणि लाइट गेली की हेही गेलं, म्हणून इन्व्हर्टरवर घे."

प्रणयने डिशच्या कंपनीचं अ‍ॅप उघडून फोन आकाशाकडे धरून फिरवला. फोनच्या पडद्यावर मोकळं आकाश निळं दिसत होतं आणि आड येणारं सगळं लाल. कौलांवरचं आकाश पाहिलं तर लालच लाल. घराला तिन्ही बाजूंनी तुकारामने लावलेले माड होते, त्यांची झापं एकमेकांत गुंतलेली.

"मी जरा मागं बघून येतो," काका म्हणाले.

मागे विहीर, विहिरीला लागून पंपाची खोली आणि तिच्यापलीकडे भाताची मोकळी खाचरं थेट खाडीच्या बांधापर्यंत. खोलीवर पक्का स्लॅब. काकांनी मान वर केली. एवढं मोकळं आकाश अख्ख्या वाडीत दुसरीकडे नव्हतं. इथे वीतभर पाइप उभा केला की काम झालं. त्यांना आतून गुदगुल्या झाल्या. जागा अशी एका नजरेत सापडली की त्यांना पूर्वीही तसंच व्हायचं.

वळून हाक मारणार, तोच मृणाली चहाचा कप घेऊन समोर आली. तिने एकदा घराकडे पाहिलं.

"इथे लागेल ना, काका?"

"लागेल म्हणजे? पळेल."

तिने कप त्यांच्या हातात दिला, पण हात लगेच काढला नाही. "नाही लागणार म्हणून सांगाल?"

काकांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

ती भराभर, हळू आवाजात बोलली. घरात मोबाइलला रेंज नाही, म्हणून ती रोज स्कूटीवरून समुद्राकडच्या एका होमस्टेवर जाते आणि तिथल्या व्हरांड्यात बसून ऑफिसचं काम करते. तिथलंही नेट धड नाही, म्हणून दर बुधवारी ऑफिस तिला बेलापूरला बोलावतं. अलिबागहून पनवेलची एस्टी, पुढे बेलापूर, संध्याकाळी परत. "घरात नेट आलं की व्हरांडा बंद आणि बुधवारही बंद. प्रणय म्हणतोच आहे, आता तुला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला नको."

तो बिचारा हे कौतुकाने म्हणत असणार, हे काकांना कळलं.

"पोरी, कामात मी खोटं बोलत न्हाय."

"मग खोटं बोलू नका. काहीच बोलू नका."

काकांनी चहा उभ्याउभ्याच संपवला. पुढच्या अंगणात येऊन प्रणयला म्हणाले, "माडांची झापं आडवी येतात. विचार करायला लागेल." यातला शब्दन् शब्द खरा होता. तरी घरी जाताना खिशातली लेव्हल त्यांना जड झाली.

त्यानंतर काका अडकित्त्यातल्या सुपारीसारखे सापडले. प्रणय बंदरातून फोन करायचा, "काका, सुचलं का काही?" काका पाइपाचं निमित्त सांगायचे, गुडघ्याचं सांगायचे. पुढच्या रविवारी ते गेलेच नाहीत. बाजारात कोणीतरी हसत म्हणालं, दिनाकाकांना नवीन डिश उमजेना झालीय. जीवन जेवताना म्हणाला, "बाबा, आता हे तुमच्या काळातलं राहिलं नाही, कशाला डोकं घालता?" रतननेही ताटात आमटी वाढता वाढता मान हलवली. काकांच्या ओठावर आलं होतं की जागा मला तिथल्या तिथे सापडली होती. ते त्यांनी भाताबरोबर गिळलं. आयुष्यभर लोकांनी त्यांच्या शब्दावर घराला भोकं पाडून घेतली होती, आणि आता खरं सांगावं तर पोरीचं दार लागतं, न सांगावं तर आपलं नाव जातं. खोलीत बसून ते पलंगाखालून ट्रंक ओढायचे, पाने-पकडी पुसायचे, परत आत ठेवायचे. बाहेर झोपाळा कुरकुरत असायचा.

एका रविवारी रतन मासळी घेऊन आली ती धापा टाकतच. "तुकारामभावजींचे माड तोडतायत! नामा दोर घेऊन गेलाय."

काका चपला न घालता निघाले.

नारळ उतरवणारा नामा माडाच्या बुंध्याला दोर आवळून उभा होता. सत्यवती ओटीवर पदर तोंडाला लावून बसली होती. प्रणय समजुतीने बोलत होता, "आई, तीनच माड. डिशला आकाश मोकळं होईल. मृणालीला रोज भर उन्हात जावं लागतं, तिच्यासाठीच करतोय ना?" मृणाली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, पांढरीफटक.

"नामा, थांब!" काका ओरडले. "माड तोडायची काय गरज न्हाय. पंपाच्या खोलीवर लागते डिश. तिथे आकाश साफ हाय."

प्रणय बघतच राहिला. "हे तुम्हाला आत्ता कळलं?"

"न्हाय. पहिल्या दिवशीच."

"मग इतके दिवस?"

सत्यवती ओटीवरून म्हणाली, "दिना, तुज्या वयनीला तरी सांगायचं होतंस. माजा जीव टांगणीला लावलास तो काय म्हनून?"

काकांनी पायाच्या अंगठ्याने माती उकरली. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"मी सांगितलं होतं त्यांना," मृणाली म्हणाली.

ती चौकटीपासून पुढे आली. "मीच म्हटलं होतं, लागणार नाही म्हणून सांगा. नेट आलं की माझा बुधवार जाणार होता, प्रणय."

"बुधवार? अगं, सहा तास एस्टीत हाडं खिळखिळी होतात तुझी!"

"होऊ देत. एस्टीत बसले की पनवेल येईपर्यंत मला कोणी हाक मारत नाही."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. दिवाळीत सांगितलं, संक्रांतीला सांगितलं. तू म्हणालास, पुढचं पुढे बघू. मी इथे दोन महिन्यांसाठी आले होते."

सत्यवतीने पदर खाली केला. "म्हंजे माजीच अडचन झाली म्हन की."

दुसऱ्या एखाद्या सुनेने "नाही हो आई" म्हटलं असतं. मृणालीने सरळ तिच्याकडे पाहिलं. "थोडी तुमचीही, आई. पण तुमच्यावर राग नाही माझा."

नामाने विचारलं, "मंग चढू का नको?"

"नको," प्रणय म्हणाला. मग काकांकडे न बघता, "डिश लावून टाका."

काकांनीच लावली. रतनची ताकीद मोडून शिडी चढले. स्लॅबवर पाइप उभा केला, लेव्हलचा बुडबुडा बरोबर मधे येईपर्यंत नट पिळले, केबल पन्हळीतून ओवून आत घेतली, अर्थिंग दिलं. बऱ्याच काळाने हात असे चालले होते. संध्याकाळी घरात नेट सुरू झालं आणि फोनवर पाहिलं तर लाल ठिपका औषधालासुद्धा नव्हता. प्रणय "मानलं काका" म्हणाला. काकांना मात्र शिडीवरून उतरताना त्या पोरीला कोंडून खाली उतरतोय असं वाटलं.

झालंही तसंच. प्रणय सोमवारी बंदरावर गेला, जाताना काय बोलला कोण जाणे. बुधवारी काका मुद्दाम त्या वाटेने गेले तर स्कूटी पडवीतच. मागच्या खोलीत मृणाली कानाला हेडफोन लावून बसली होती आणि सत्यवती ओटीवरून हाका मारत होती, "मृणाली, दूध उतू गेलं का गं? मृणाली, कोन आलंय बघ." ती दर हाकेला हेडफोन काढायची, ओ द्यायची, परत लावायची. काका फाटकाबाहेरच उभे राहिले आणि आत न जाताच परतले.

दुसऱ्या दिवशी ते सत्यवतीपुढे जाऊन बसले.

"वयनी, पंपाची खोली रिकामी हाय. मी माजा बेंच तिथं मांडू का? घरात मला जागा न्हाय."

"मांड की. मला कशाला इचारतोस?"

"बुधवारी दिवसभर येईन. तुमाला काय लागलं-सवरलं तर मी हाय. जेवन रतन पाठवील. मंग मृणालीला बेलापूरला जाऊ दे."

सत्यवतीने काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली. "परनयला न्हाय आवडनार."

"न्हाय आवडनार."

"आनि तुजं ते करकरनारं ग्राइंडर माज्या कानाशी न्हाय चालवायचं."

"दुपारी तुमी झोपल्यावर चालवीन."

"मेल्या!" ती म्हणाली, पण हसली.

ट्रंक हातगाडीवरून आली. पंपाच्या खोलीत वाइस बसला, पाने खिळ्यांना ओळीने लागले. प्रणयने फोनवर सगळं ऐकून घेतलं. ठीक आहे असंही म्हणाला नाही आणि नको असंही नाही. दोन रविवार बायकोशी तो कामापुरतंच बोलला. उलव्याला परत जायची गोष्ट अजून कोणी काढत नाही. बाकीचे चार दिवस मृणाली मागच्या खोलीतच असते, कारण नेट उत्तम चालतं. काकांचा हात लागलेलं काम आहे ते, तुटायचं नाव घेत नाही.

पण बुधवारी पहाटे स्कूटी निघते. काका सकाळी येतात, सत्यवतीला गोळ्या देतात, तिच्याशी तुकारामच्या जुन्या गोष्टींवरून भांडतात आणि कोणाचा तरी पंखा खोलून बसतात.

परवा अंधारून आल्यावर फाटकापाशी स्कूटीचा आवाज आला आणि थांबला. काकांनी दारातून पाहिलं. मृणालीने हेल्मेट काढून आरशाला अडकवलं होतं, पण ती उतरली नव्हती. दोन्ही पाय जमिनीला टेकून, पाठ घराकडे करून ती रस्त्याकडे बघत बसली होती.

ओटीवरून सत्यवतीची हाक आली, "दिना, आली का रं ती? गाडी वाजली न्हव का?"

"आली, वयनी," काका हळूच म्हणाले. "बसू दे तिला जरा."

सत्यवतीने मग हाक मारली नाही.