बाबांच्या हातचं लॅच

आमच्या घरात वस्तू बिघडली की सासऱ्यांच्या अंगात येतं. नवीन काही आणू म्हटलं तर माणूस दिवसभर फुगून बसतो. मग दुरुस्ती होते, आणि ती वस्तू चालते, पण फक्त त्यांच्या हाताने. मिक्सर त्यांनी झाकणावर अमुक ठिकाणी दाबलं तरच फिरतो. नळाला मूठ नाही, पकड लावावी लागते, आणि पकड त्यांच्या खिशात. भांडी घासायची तर मी म्हणायचं, "बाबा, जरा येता का?" आणि ते असे सावकाश उठतात की माझ्या डोक्यात तिडीक जाते. नवरा म्हणतो, त्यांचं मन रमतं. रमतं ना, माझ्या जिवावर.

मध्यंतरी दाराचं लॅच अडकायला लागलं. त्यांनी ते खोलून आत पेनातली स्प्रिंग बसवली. तेव्हापासून आतून दार उघडायचं तर ते गुडघ्याने रेटायचं, मूठ वर उचलायची आणि उलटी फिरवायची. मला कधी जमलं नाही. शिकवा म्हटलं तर हसण्यावारी न्यायचे.

माझी दवाखान्यात मुलाखत होती, लग्नानंतरची पहिली. त्याच सकाळी, नवरा कामावर गेल्यावर, बाबा दार ओढून घेऊन बाहेर पडले. त्यांचा फोन, अर्थातच स्वतः दुरुस्त केलेला, लागेना. गुडघा सुजेपर्यंत मी दार रेटलं. शेवटी त्यांच्याच पेटीतली हातोडी घेतली आणि लॅच ठोकून ठोकून पाडलं. धावतपळत पोचले, तर खुर्चीत दुसरीच मुलगी बसली होती आणि डॉक्टर तिला काम समजावत होते.

येताना कुलूपवाल्याला घेऊनच आले. बाबा उंबऱ्यात बसले होते, मांडीवर लॅचचे तुकडे.

"एवढी काय आग लागली होती?" ते म्हणाले. "मी आलोच असतो."

माझी हातची नोकरी गेल्याचं मी सांगितलं. त्यांनी एक तुकडा उजेडात धरला आणि हे अजून जुळेल, म्हणाले.

त्यांच्यादेखत मी नवीन लॅच बसवून घेतलं. कुलूपवाला गेल्यावर त्यांनी चावीसाठी हात पुढे केला. मी सगळ्या चाव्या पर्समध्ये टाकल्या.

"तुम्ही बेल वाजवत जा, बाबा. मला सवड झाली की उघडेन."

त्यांचा हात तसाच पुढे राहिला. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.