एका पायाची पवनचक्की

"आता जे सांगतो त्यावर तुझा काय, माझासुद्धा विश्वास बसत नाही," खुर्ची ओढत मामा म्हणाला.

"मग सांगतोस कशाला?" भाचीने कागदावरून नजर काढली नाही.

समुद्रातल्या पवनचक्क्यांची मालकी बदलली, की कंपनीने महिन्याच्या आत भाचीच्या कचेरीला कळवायचं, असा कायदा. लपवलं तर परवाना रद्द. कंपनीने तर लिहून दिलं होतं, मालक पूर्वीचेच. त्यावर आज तिची सही व्हायची होती, आणि सही खोट्यावर पडली तर नोकरीवर पाणी.

खरं काय ते मामाला ठाऊक होतं. नव्या मालकाला चक्क्या दाखवायला त्यानेच आपल्या बोटीतून नेलं होतं. पण परवाना गेला, की कामगारांची ने-आण बंद आणि बोट कायमची वाळूत. तेव्हा मामाने जिभेला शीड बांधलं.

"धुकं असं, की बोटीला स्वतःचं नाक दिसेना. समुद्र दुधासारखा गप्प. चक्क्या उभ्या उभ्या डुलक्या काढत होत्या. तेवढ्यात त्यातली एक चालत आली."

"चालत? तिला तर एकच पाय!"

"म्हणून तर लंगडी घालत आली! माझ्या कानाशी वाकली नि म्हणते, 'मामा, मी कोणाची?'"

भाचीचं पेन थांबलं. मामाला हुरूप चढला. त्याच्या डोळ्यांपुढे आता खरंच धुकं उतरत होतं. टेबल, कपाट, डोक्यावरचा पंखा, सगळं दुधात विरघळत चाललं होतं, आणि त्या पांढऱ्यात कोणीतरी उंच, हळवं, पाती मिटून उभं होतं.

"म्हटलं, रडू नकोस, पोरी. दुसऱ्या दिवशी मालकांना बोटीत घालून तिच्यापुढे उभं केलं. तिने ओळखलं, लाजली, आणि जी गरगर फिरायला लागली! मालक बदलला असता तर फिरली असती? कर सही, साहेबीणबाई."

"आणि मालक काय म्हणाले?"

"ते कुठलं बोलतायत! कठड्याला धरून ओकत होते बिचारे. येईपर्यंत लिंबू चोखत बसले."

भाचीने पेनला टोपण लावलं.

"चक्की लंगडी घालत आली, मानलं. बोलली, तेही मानलं. पण आपले मालक बोटीवरच लहानाचे मोठे झाले ना रे? वादळात मांडीवर ताट घेऊन जेवायचे, हे तूच सांगायचास. खोटं बोलतोयस, मामा! हा ओकणारा कोण?"