वळणावरचं भोक

रुग्णालयाच्या भिंती वायरकाकांना तोंडपाठ होत्या. कुठे ड्रिल लोण्यासारखं आत जातं आणि कुठे घाम काढतं, हे तीस वर्षांत त्यांच्या मनगटाला कळलं होतं. टेबलावरचे फोन जाऊन सिस्टरांच्या खिशात बिनतारी फोन आले, तेव्हा काकांनी वायफायच्या डब्या बेलाशक जुन्याच भोकांवर बसवल्या. भोकं तयार होती, असं ते सांगत. आपलीच जुनी कामगिरी मिरवायची हौस होती, हे सांगत नसत.

आता महिनाभर ऑपरेशनच्या खोलीकडे वळलं की फोन तुटत होता. डॉक्टरांची निम्मी सूचना पोहोचे, निम्मी हवेत विरे. आज संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर इमारतीतल्या फोनचं काम बाहेरच्या कंपनीकडे जाणार होतं.

काका वॉर्डातल्या टेबलाशी, उरलेल्या एकुलत्या तारेच्या फोनवर बसले. समोर लॅपटॉप. मोठ्या सिस्टर खिशातला फोन कानाला लावून आकडे मोजत निघाल्या. एक्केचाळीसला वळण आलं. बेचाळीस आलाच नाही.

सिस्टर परत आल्या. "पूर्वी तार होती, तेव्हा कुठे तुटलं ते निदान दिसायचं."

"तुमचा फोन वळणापर्यंत माझ्या डोक्यावरच्या डबीलाच चिकटून होता," काका म्हणाले. "सगळ्या डब्या एकाच चॅनेलवर, त्याही घसा ताणून ओरडतायत. हिचा आवाज येतोय तोवर तो पलीकडची धरत नाही. वळणावर एक्स-रेची शिशाची भिंत आली, की एकदम पोरका होतो."

"जुनं सोडवत नाही म्हणायचं. कुणाच्या वळणावर गेलाय कोण जाणे."

काका वरच्या डबीमागच्या जुन्या भोकाकडे बघत राहिले. पूर्वी याच टेबलाशी नव्याने लागलेल्या एक नर्सबाई फोनचा रिसीव्हर ताणून ताणून खाटेवरच्या रुग्णाच्या कानापर्यंत नेऊ बघायच्या. तार वीतभर कमी पडायची. एका दुपारी काकांनी गुपचूप दहा फूट जास्तीची तार जोडून दिली. रजिस्टरात नोंद केली नाही. त्या काळी माणसं फोनपाशी यायची. वळणावर उभं राहून कोणी बोलतच नव्हतं. म्हणून तर वळणावर भोक नव्हतं.

ते उठले. टेबलाच्या वरची डबी त्यांनी भिंतीवरून उतरवली. वॉर्डापुरती जिन्यापाशी दुसरी होतीच. वळणावर ड्रिलने चांगलाच घाम काढला. तिथे डबी बसली. मग सगळ्या डब्यांचा जोर कमी केला, शेजारणींना वेगवेगळे चॅनेल दिले आणि काका पुन्हा तारेच्या फोनवर येऊन बसले.

चाळीस. एक्केचाळीस. बेचाळीस.

काकांनी रिसीव्हर कानापासून लांब, दाराकडे धरला. दारात उभ्या व्यवस्थापकांनी सत्तरपर्यंत ऐकलं आणि बाहेरच्या कंपनीचा कागद घडी घालून खिशात टाकला.

शंभर झाले तरी सिस्टर मोजतच होत्या.

"पुरे आता, सिस्टर. लागलाय फोन."

"एकशे दहा," पलीकडून स्वच्छ आवाज आला. "दहा त्या तारेचे. मी मोजली होती तेव्हाच."

काकांनी रिसीव्हर ठेवला आणि जुनं भोक बुजवायला काढलेला प्लास्टरचा डबा पुन्हा पिशवीत टाकला.