डिसेंबरात झोपवलेले वाफे

नागपुरात डिसेंबर हा फुलांचा महिना, हे रुपरावांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. सव्वीस वर्षं सरकारी रोपवाटिकेत काढली, त्यातली अकरा हेडमाळी म्हणून. गणपती गेले, पावसाचा जोर ओसरला, की ते मातीच्या परड्यांत बी टाकायचे. दिवाळीच्या आधी रोपं हाताशी यायची. महालापासून कामठीपर्यंतची माणसं पिशव्या घेऊन फाटकाशी उभी राहायची, आणि संक्रांतीच्या दिवसांत कुठल्याही गल्लीतून सायकल काढली तरी कुणाच्या ना कुणाच्या अंगणात रोपवाटिकेतला अ‍ॅस्टर नाहीतर फुलकोबी दिसायचीच.

१९७८ च्या जूनमध्ये देवपुजारी साहेब अधीक्षक म्हणून आले. माणूस रामटेककडचाच, पण बारा वर्षं हिमाचलातल्या एका डोंगरगावच्या बागेत नोकरी करून आलेला. त्या गावाचं त्यांना भारी कौतुक. तिथं कसं शिस्तीत चालतं, हे ऐकवल्याशिवाय त्यांचा चहा संपत नसे. आल्या आल्या त्यांनी बागकामाची एक दिनदर्शिका छापून घेतली. खाली स्वतःचं नाव ठळक टाइपात. ती सगळ्या शहरात वाटली आणि एक प्रत रुपरावांच्या शेडमध्ये खिळ्याला टांगली.

रुपरावांनी चष्मा लावून ती वाचली आणि तडक साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, यात लिवलं हाय का सप्टेंबरात नवी पेरणी करू नका. डिसेंबरात वाफे गवतानं झाका, पाणी बंद करा. बी टाका मार्चात."

"बरोबर आहे."

"मग फुलं कधी येतीन?"

"जूनमध्ये."

"जूनमंधी?" रुपरावांना वाटलं साहेब थट्टा करताहेत. "अवो साहेब, मे महिन्यात इथी कावळे झाडावरून खाली पडते. थे इवलंसं रोपटं काय जगन?"

साहेब हसले. "रुपराव, तुम्ही लोक वर्षानुवर्षं अंदाजानं करत आलात. हे शास्त्र आहे. हिवाळ्यात बागेला विश्रांती द्यायची असते."

त्या साली परड्या रिकाम्याच राहिल्या. दिवाळीच्या आधी माणसं फाटकापर्यंत आली आणि "आता मार्चमध्ये या" ऐकून परत गेली. डिसेंबरात, जेव्हा सकाळी अंगावर घोंगडी घ्यावी आणि दुपारी काढून टाकावी असं सोन्यासारखं हवामान होतं, तेव्हा मजूर बायकांनी रिकाम्या वाफ्यांवर गवत अंथरलं. आठ दिवसांत त्या गवताखाली वाळवी लागली. रुपरावांनी एका वाफ्यावरचं गवत पायानं उडवलं आणि साहेबांच्या खिडकीसमोर उभं राहून मोठ्यानं म्हणाले, "जिती जमीन मढ्यासारखी झाकून ठेवली!"

साहेबांनी ते ऐकलं. रागावले नाहीत, हेच रुपरावांना जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आदेशच काढला. हेडमाळ्याला महिनाभराच्या प्रशिक्षणाला त्या डोंगरगावी पाठवण्यात येत आहे.

"जा, डोळ्यांनी बघून या," साहेब म्हणाले. "मग बोलू."

जिजाबाईंनी, म्हणजे रुपरावांच्या बायकोनं, दोन स्वेटर, कानटोपी आणि डब्यात तिळाच्या वड्या बांधून दिल्या. "भांडू नका कोणाशी तिथी," एवढंच सांगितलं.

आगगाडी, मग बस, मग अर्धा कोस पायी. तिथं पोहोचले तेव्हा सगळं पांढरं. छपरं, कुंपण, शेणसुद्धा. रुपरावांनी आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिला आणि पहिला विचार मनात आला तो हाच, की याच्याखाली मुळ्यांचं काय होत असेल?

तिथला म्हातारा माळी ओमप्रकाश. त्यानं त्यांना चुलीजवळ बसवलं, गरम पाणी दिलं आणि दुसऱ्या दिवशी बागेत नेलं. बर्फ बाजूला सारून खालचं गवत दाखवलं, गवताखालची माती दाखवली. माती थंड होती पण मोकळी, मेलेली नव्हती. सफरचंदाच्या उघड्याबोडक्या फांदीवर नख लावून आतला हिरवा पापुद्रा दाखवला. ही झाडं झोपली नाहीत तर चैत्र-वैशाखात फुलत नाहीत, म्हणाला. थंडी कमी पडली त्या साली मोहर धड येत नाही. मार्चअखेर बर्फ वितळतो, ओल मुरते, मग बी टाकायचं. मे-जूनमध्ये तिथं ऊन कोवळं असतं. ऑक्टोबरअखेर पुन्हा दहिवर गोठतं, त्याच्या आत सगळं काढून घ्यायचं.

रुपराव महिनाभर त्याच्याबरोबर राबले. बोटं सुजली, ओठ फाटले. पण त्या माणसाचं काम बघून त्यांचा जीव सुखावला. एकही गोष्ट उगीच नव्हती. दिनदर्शिकेतली ओळन् ओळ तिथं खरी होती.

शेवटच्या आठवड्यात त्यांना अवजारांच्या खोलीत भिंतीवर एक जुना कागद दिसला. काचेत लावलेला, हाताने लिहिलेला, हिंदीत. वाचता वाचता रुपराव थबकले. महिन्यामागून महिने, हीच ती दिनदर्शिका!

"हे कोणं लिवलं?"

"मेरे पिताजी ने," ओमप्रकाश म्हणाला. "देवपुजारी साहब उतारकर ले गए थे. बहुत पसंद था उनको."

कागदाच्या तळाशी वेगळ्या शाईत एक ओळ होती. रुपरावांनी ती दोनदा वाचली. 'यह सब केवल इसी गाँव के लिए है. नीचे घाटी में पंद्रह दिन पहले करें.'

खालची घाटी तिथून दिसत होती. तासाभराची उतरण. तेवढ्या अंतरावर ओमप्रकाशच्या वडिलांना पंधरा दिवसांचा फरक करावासा वाटला होता, आणि साहेबांनी तेच महिने उचलून थेट नागपुरात आणून आदळले होते! वर ती शेवटची ओळ गाळून. ओमप्रकाशनं विचारलं, तुमच्याकडे मे महिन्यात किती तापतं? रुपरावांनी सांगितलं, सेहेचाळीस. म्हाताऱ्यानं कानाला हात लावला.

रुपरावांनी ती ओळ वहीत उतरवून घेतली, खाली ओमप्रकाशची सही घेतली. परत येताना गाडीत त्यांना झोप लागली नाही. जाताना राग होता तो नागपूरकर म्हणून. आता त्याहून मोठा राग होता. एका शहाण्या माणसाची जन्मभराची अक्कल चोरली, आणि चोरून धड आणलीही नाही.

फेब्रुवारीत त्यांनी वही साहेबांपुढे धरली. साहेबांचा चेहरा क्षणभर उतरला, मग म्हणाले, "बियाणं आलेलं आहे, रुपराव. मार्चमध्ये पेरणी होणार. पाणी वाढवा, सावली करा. शास्त्राला प्रयोग लागतो."

चार हजार रोपं झाली. रुपरावांनी मनाविरुद्ध, पण जीव ओतून सांभाळली. तट्टे बांधले, दिवसातून तीनदा पाणी दिलं. निम्मी रोपं लोकांनी नेली. एप्रिल सरता सरता पानांच्या कडा करपल्या. मेच्या दुसऱ्या आठवड्यात गरम वारं सुटलं आणि चार दिवसांत वाफेच्या वाफे कागदासारखे कुरकुरीत झाले.

महालातल्या शोभाताई एक कुंडी घेऊन फाटकाशी आल्या. शाळेत मास्तरीण होत्या, दरवर्षी रोपं न्यायच्या. कुंडीत वाळलेली काडी.

"रुपरावजी, हे काय दिलंत आम्हाला? शाळेतल्या मुलींनी रांगेनं पाणी घातलं हो. एक रोप जगलं नाही. मुली रडल्या."

रुपरावांनी कुंडी हातात घेतली. "ताई," ते म्हणाले, "म्या दिलं, हे खरं हाय. पण हे माह्या हातचं नाई."

आणि जूनच्या पहिल्या तारखेला त्यांच्याच नावानं मेमो आला. 'पाणी देण्यात हयगय केल्यामुळे शासकीय रोपे नष्ट झाली. सात दिवसांत खुलासा करावा.'

जिजाबाई म्हणाल्या, "अवो, माफी मागून टाका. दोन वर्षं राहिली नोकरीची."

"माफी? कायची माफी वं? म्या रोपं मारली? सूर्यानं मारली, अन् सूर्याले ज्यानं बोलावलं थ्यानं मारली!"

चौकशीला वरचे एक साहेब आले. वामनराव नावाचे, वयस्क, फारसं न बोलणारे. देवपुजारी साहेबांनी पाणीवाटपाचे कागद काढले. रुपरावांनी वही उघडून समोर ठेवली.

"साहेब, म्या थे गाव पायलं. तिथली थंडी खरी, तिथला माळी खरा, थ्याच्या बापानं लिवलेला कागद खरा. थो बिचारा लिवून गेला, का एक घाट उतरलं तर पंधरा दिवस बदला. आमच्या साहेबानं नेमकी तेवढीच ओळ खाल्ली. काहून खाल्ली, थ्याइले विचारा. म्या पाण्याची हयगय केली असन तर मले आत्ता घरी पाठवा. पण आधी मे महिन्याच्या दुपारी साहेबाले थ्या वाफ्यात एक घंटा उभं करा, हातात पाण्याची झारी देऊन. पाहू कितीक टिकते."

वामनरावांनी ओळ वाचली. देवपुजारींकडे पाहून विचारलं, "ही ओळ होती?"

"होती," देवपुजारी म्हणाले. "मला ती स्थानिक स्वरूपाची वाटली."

"सगळंच स्थानिक होतं, देवपुजारी," वामनराव म्हणाले.

निकाल लागला तो सरकारी पद्धतीनं. पेरणी पूर्वीप्रमाणे सप्टेंबरात करावी, असा आदेश निघाला. मेमो रद्द झाला नाही, फाईलला लागून राहिला. साहेबांची बदलीही झाली नाही. त्यांनी नवी दिनदर्शिका छापली, रुपरावांना विचारून विचारून, आणि खाली पुन्हा स्वतःचंच नाव घातलं.

पुढच्या जानेवारीत रोपवाटिका अशी फुलली, की रस्त्यावरचे रिक्षावाले उतरून बघायचे. रोपवाटिकेच्या आवारातच फुलांचं प्रदर्शन भरलं, बक्षीस मिळालं, साहेबांच्या गळ्यात हार पडला. जिजाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "झालं ना तुमच्या मनासारखं? आता तरी राग सोडा."

"काहून सोडू?" रुपराव म्हणाले. "चार हजार रोपं मेली. शाळेतल्या पोरी रडल्या. थे कोणाच्या नावावर हाय, सांग बरं?"

मांडवातून शिपाई धावत आला. साहेबांनी हेडमाळ्यांना स्टेजवर बोलावलंय, फोटो काढायचाय. रुपरावांनी धोतर खोचलं आणि झारी उचलली.

"साहेबाले सांगा, फुलकोबीच्या पाण्याची पाळी हाय," ते म्हणाले आणि वाफ्यात उतरले.