लँडिसांचा साइडबोर्ड

डॉक्टर गुरुनाथ साठ्यांना स्वतःच्या पणजोबांचं नाव आठवत नसे, पण लँडिस घराण्याच्या पाच पिढ्या तोंडपाठ होत्या.

याला कारण तो साइडबोर्ड, म्हणजे जेवणघरात भांडी ठेवायचं बुटकं, लांब कपाट. रिटायर झाल्यावर स्टेट कॉलेज या गावाबाहेरच्या एका जुन्या फार्महाऊसमधलं सामान विकायला निघालं, तिथून त्यांनी तो आणला होता. अक्रोडाच्या लाकडाचा, चांगला माणूस आडवा झोपेल एवढा लांब. जेकब लँडिस नावाच्या गृहस्थानं तो दीडशे वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं केला आणि तेव्हापासून तो घरातच राहिला, एवढं विकणाऱ्यानं सांगितलं. बाकीचा इतिहास डॉक्टरांनी लायब्ररीत बसून खणून काढला.

तेव्हापासून घरी येणाऱ्याची सुटका नव्हती. चहाच्या आधी उजवीकडचा ड्रॉवर बाहेर यायचा.

"हा कोपरा बघा. एक खिळा नाही, दातात दात अडकवलेत. आणि दात सारखे नाहीत, दिसतंय? मशीननं केले असते तर सारखे आले असते. हा हात आहे, हात!"

पाहुणे माना डोलवायचे. शुभाताईंना मात्र त्यात एक चमचा ठेवायची परवानगी नव्हती.

"हे फर्निचर नाही शुभा, हा वारसा आहे."

"अहो, पण कुणाचा?"

मार्चमध्ये ओहायोहून फोन आला. रूथ लँडिस, घराण्यातली शेवटची. साइडबोर्ड तुमच्याकडे आहे असं लायब्ररीत कळलं, एकदा बघायला येऊ का?

डॉक्टरांचं जेवणावरचं लक्ष उडालं. बाई परत मागणार, याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. आधी ठरवलं, साफ नाही म्हणायचं. मग वाटलं, म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं तर? शेवटी त्यांनी तो देऊन टाकायचं ठरवलं आणि स्वतःच्या मोठ्या मनानं स्वतःच गहिवरले. द्यायच्या वेळी काय बोलायचं, तेही गाडी चालवताना म्हणून पाहिलं.

रूथबाई आल्या. पंचाहत्तरीच्या, पायात स्पोर्ट्स शूज. साइडबोर्डपुढे उभ्या राहिल्या आणि एकदम हसत सुटल्या.

"अजून आहे हा! डावीकडचा ड्रॉवर अडकतो का?"

"थोडासा," डॉक्टर म्हणाले. गेली चार वर्षं तो उघडलाच नव्हता.

"पहिल्या दिवसापासून अडकतो. जेकबनं हा एका गिऱ्हाइकासाठी केला होता. त्यानं हे सांधे पाहिले आणि घ्यायला नकार दिला. म्हणून हा घरात राहिला. जेकबनं पुढे सुतारकी सोडून डुकरं पाळली. त्यात मात्र त्याला यश आलं."

शुभाताईंनी हसू दाबायला चहाचा कप तोंडाला लावला.

"पण पाच पिढ्या तुम्ही हा जपलात," डॉक्टर चिकाटीनं म्हणाले.

"जपला? ज्याला वेळेवर नाही म्हणता आलं नाही, त्याच्या गळ्यात पडला. माझ्या आईवडिलांच्या लग्नात हा पुढे कुणी न्यायचा ते ठरणार होतं, म्हणून माझी आत्या आजारी असल्याचं सांगून आलीच नाही."

डॉक्टरांनी घसा खाकरला. एवढं पाठ केलेलं वाया कशाला जायचं? "तरीसुद्धा, मिस लँडिस, तुमच्या घराण्याची ही वस्तू तुमच्याकडेच असावी असं मला मनापासून..."

रूथबाईंचा चेहरा उतरला. "नको, नको! मी एका खोलीत राहते," त्या घाईघाईनं म्हणाल्या, आणि रस्ता लांबचा आहे म्हणून दुसरा कप न घेताच निघाल्या. जाताना शुभाताईंचा हात जरा जास्तच वेळ धरला.

दुसऱ्या दिवशी शुभाताईंनी न विचारता साइडबोर्डात लोणच्याच्या बरण्या, डाळींचे डबे आणि इडलीपात्र भरलं. डॉक्टर पेपर वाचत बसले. त्यांना वाईट वाटलं होतं. पण कशाचं, ते नीट सांगता येईना. संध्याकाळी त्यांनी रेडमंडला मुलाला, केदारला, फोन लावला. केदार म्हणाला, "बाबा, आमच्याकडे जागा कुठाय? आश्लेषाला विचारा ना." लेकीनं, आश्लेषानं, फोन उचललाच नाही.

रविवारी ओळखीतला देवांग आणि त्याची बायको जेवायला आली. दोघं नुकतीच पुण्याहून आलेली, गावात नवीन घर घेतलेली.

"काका, काय सुंदर कपाट आहे!" देवांग म्हणाला.

डॉक्टरांनी ड्रॉवर बाहेर काढला नाही. त्यांनी देवांगच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली, वर तूप सोडलं आणि प्रेमानं विचारलं, "तुमच्या डायनिंगची भिंत केवढी आहे रे?"