बाईंच्या डाव्या कानातलं यंत्र

मी कानातलं यंत्र बोलतोय. बोलणं माझं काम नाही, पण मला इतकं बोललं गेलंय की आता माझीही पाळी.

कारखान्यातून मी दुकानात आलो आणि चष्म्यांच्या शेजारी काचेखाली बसलो. तिथून गाडी चालवायला शिकवणाऱ्या एका बाईंनी मला नेलं. त्यांच्या उजव्या कानाने काही आठवड्यांतच मान टाकली होती आणि डावाही त्याच वाटेवर होता. दुकानदार म्हणाला, "वयोमानाने होतं, ताई." बाई जेमतेम चाळिशीच्या. त्यांनी असं पाहिलं की पुढचं तो मनातच बोलला.

सुरुवातीला मी लाडका. मग एक दिवस बाईंना शेजारचा हॉर्नही ऐकू येईना. दोन दिवसांनी पुन्हा येऊ लागला, पुन्हा गेला.

"यंत्रच भिकार आहे," नवरा म्हणाला. "मी हाक मारली की नेमकं बंद पडतं."

बाईंनी मग सगळ्यांना हसून 'हो' म्हणायची सवय लावून घेतली. गाडी शिकणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, "सरळ जाऊ की वळू?" बाई म्हणाल्या, "हो." आजोबांनी आज्ञा पाळली. गाडी कुंपणात गेली.

खरचटलं कोणालाच नाही. पण बाई घरी येऊन म्हणाल्या, "समोर माणूस असता तर? मी आता शिकवणार नाही."

मी सदोष आहे असं लेखी मिळावं म्हणून नवरा बाईंना आणि मला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी मला तपासलं.

"यंत्र ठणठणीत आहे. ऐकणंच कमी-जास्त होतंय, आणि दोन्ही कानांचं. चक्कर येते? सांधे दुखतात?"

"दोन्ही. पण कानाशी त्याचा काय संबंध?"

रक्त तपासलं, मेंदूचं स्कॅन झालं, बाकीच्या शंका मिटल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शरीराचे राखणदारच, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या पेशी, आतल्या कानाला शत्रू समजतायत असं दिसतंय. याची छातीठोक अशी एक तपासणी नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी फरक पडला तर निदान पक्कं होईल. पण उशीर परवडणार नाही."

नवऱ्याने माझी माफी मागितली नाही. अपेक्षाही नव्हती.

गोळ्यांनी बाईंची झोप उडाली, चेहरा सुजला, भूक राक्षसासारखी झाली. मी कानात नव्हतो, टेबलावर पडलो होतो, तेव्हाची गोष्ट. बाई भांडी विसळत होत्या. पाठीमागे नवरा पुटपुटला, "हल्ली फारच चिडते."

"गोळ्यांनी चिडते," बाई न वळताच म्हणाल्या.

नवरा खुर्चीत बसला आणि ढसाढसा रडला. बाईंनी नळ बंद केला.

उजवा कान परतला नाही. त्याला उशीर झाला होता. गोळ्या कमी करताना डावाही एकदा घसरला, म्हणून दुसरं औषध जोडलं. आता बाई पुन्हा शिकवतात आणि मी बहुतेक वेळ डबीत असतो. वाईट दिवशी तेवढा बाहेर येतो.

एकच विनंती आहे, आणि ती माझ्या पोटावर पाय देणारी आहे. ऐकू येणं अचानक किंवा भराभर कमी झालं, तर आधी माझ्याकडे येऊ नका. डॉक्टरकडे जा, आणि आजच जा. माझे भाऊबंद दुकानात काचेखाली आहेतच. त्यांना कसली घाई?